येळवशीला ट्राय करतो

माझं निम्मं आयुष्य 'ट्राय करतो' म्हणण्यावर निभावलं आहे. कलबुर्गीच्या आमच्या ऑफिसात कुणाच्या बारशाचं बोलावणं येवो की रविवारी जादा काम, तोंडावर नाही म्हणणं आमच्या जिवावर येतं. मग कानडी असो, मराठी असो, आम्ही ट्राय करतो. समोरचाही काय ते समजतो आणि चहा मागवतो.

आईनं एकदा विचारलं होतं, "ट्राय म्हंजे काय रं?"

"प्रयत्न," मी म्हणालो. आणि तिच्या लेखी प्रयत्न करणारा माणूस म्हणजे कामाला लागलेला माणूस.

गेल्या येळवशीआधी तिचा फोन आला. "येयलास न्हवं?"

"ट्राय करतो, माय."

येळवस म्हणजे ऐन थंडीतली अमावास्या. त्या दिवशी आमच्या ठाणाकुशनूरात घरांना कुलपं लागतात आणि सगळं गाव रानात जेवतं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप म्हणजे छोटी झोपडी, तिच्यात चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, हिरवे दाणे नि पालेभाज्या घोटून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबट आंबील. लहानपणी ती आंबील शिंपडत, कानडी आरोळी ठोकत मी सगळ्या रानाला फेरा घालायचो. त्या भज्जीच्या आठवणीनं आजही जीव कासावीस होतो. तरी गेलो नाही. कारण विचाराल तर आळस, दुसरं काही नाही.

संध्याकाळी थोरल्या भावाचा फोन आला. तो तापलेलाच होता. "कामून आला न्हाईस? पूजा झाली, पन मायनं कुनाला जेवू दिलं न्हाई. चार वाजेपर्यंत बांधावर हुभी. 'त्यो ट्राय करायलाय, येतच आसंल' म्हनायची. सगळ्यांचे जीव भुकेनं गेले, तवा कुठं वाढलं."

त्यानं फोन आईकडं दिला. ती चिडली असती तर फार बरं झालं असतं.

"जाऊ दे रं बाळा," ती म्हणाली. "सायबानं सोडलं नसंल, गाडी घावली नसंल. दिवसभर ट्राय करून दमला आसशील. काई खाल्लास का?"

"व्हय," मी म्हणालो.

रजेचा मी साधा अर्जसुद्धा केला नव्हता, आणि तिला ते सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.