दोन-आठचा गळा

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, जगातली कुठलीही गोल वस्तू बांगडीच्या मापात सांगत. चहाचा कप दोन-चारचा, नळाची तोटी लहान पोरीच्या हातची. एकदा घसा बसला म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात उजेड पाडून पाहिलं, तर आ वासलेल्या तोंडानंच यांनी विचारलं, "केवढा दिसते? दोन-दोन असंन ना?" डॉक्टर बिचारे नवे होते. त्यांनी गोळी बदलून दिली.

आता यात गंमत करायचा हेतू नव्हता. सासऱ्यांचं अमरावतीत बांगड्यांचं दुकान होतं आणि भाऊजी त्या दुकानातच रांगले. पुढे बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी लागली, दुकान बंद झालं, उरलेला माल पेटीत गेला, पण मापं डोक्यातून गेली नाहीत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन-दोन म्हणजे पोरीचा हात, दोन-चार नाजूक, दोन-सहा माझ्यासारखा, आणि दोन-आठ म्हणजे जिनं जन्मभर भाकरी थापल्या तिचा.

नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी एक जुनी मोटार घेतली. बुटकी, गोल डोळ्यांची, कढीच्या रंगाची. तिला ते गाडी म्हणत नसत. 'बाई' म्हणत आणि अहो-जाहो करत. सकाळी बॉनेटवर हात ठेवून, "उठता का? बडनेऱ्यापर्यंत जाऊन येऊ." मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून मला कोणी इतक्या अदबीनं उठवलेलं नाही. मी तसं म्हटलं की म्हणायचे, "वहिनी, तुमी हाकेसरशी उठता. त्यायले मनवा लागते."

मागच्या उन्हाळ्याआधी बाईला दम लागायला लागला. उभ्या उभ्या छान चाले, पण जरा पाय दाबून पळवायला गेलं की खोकून बंद. भाऊजींनी बॉनेट उघडलं आणि मला अंगणातून हाक मारली. हवा गाळायच्या डब्यापासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी होती, ती म्हातारी होऊन मऊ पडली होती, चिरली होती. इंजिनानं जोरात हवा ओढली की नळीच चपटी व्हायची. भाऊजींनी पेटीतल्या बांगड्या एकेक करून नळीच्या तोंडावर लावून पाहिल्या आणि खाली बसले. "दोन-आठचा गळा हाये, वहिनी. आवळून राह्यला."

नेमकं त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा प्रफुल्ल पुण्याहून आला. माझ्या भाचीचं अकोल्याला लग्न होतं. अंगणात बाईनं त्याच्यासमोरच तीनदा खोकून मान टाकली. तो म्हणाला, "बाबा, या वयात ही रस्त्यात बंद पडली तर तुम्ही धक्का मारणार आहात का? विका."

"अकोल्याले हिच्यातच येतो आन् हिच्यातच परत जातो," भाऊजी म्हणाले.

"आणि बंद पडली तर?"

"तर तुय्या मनासारखं."

"मी मागेच असणार आहे माझ्या गाडीत. जिथं थांबेल तिथूनच भंगारवाल्याला फोन लावीन."

"लाव ना. नंबर आतापासूनच काढून ठेव."

प्रफुल्लनं खरंच काढून ठेवला. बाप-लेक दोघेही शब्दाचे पक्के. हा गुण आमच्या घराला फार महागात पडलेला आहे.

गॅरेजवाल्यांनी हात वर केले. असली नळी आता मिळत नाही, मागवली तर कधी येईल सांगता येत नाही, आणि लग्न तोंडावर. भाऊजींनी मग घरातले पाइप तपासायला घेतले. माझ्या वॉशिंग मशीनच्या मागे मला त्यांचे फक्त पाय दिसले. "भाऊजी, तो पाइप धुण्याचं पाणी बाहेर टाकायचा हाये." आतून आवाज आला, "काई कामाचा नाई. दोन-दोनचाही नाई." शेजारच्या कूलरलाही त्यांनी सोडलं नाही. शेवटी दोन-आठची एक काचेची बांगडी रुमालात गुंडाळून ते शेतीपंपाच्या दुकानात गेले. मला बरोबर नेलं, कारण बांगडी घेऊन एकटा पुरुष बरा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

दुकानदारानं बांगडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "काकू, हे दुकान पंपाचं हाये."

"पाइपच पाह्यजे," भाऊजी म्हणाले. "ह्या मापाचा."

"कायले लावता?"

"बाईच्या गळ्याले."

दुकानदारानं पुन्हा माझ्याकडे, म्हणजे माझ्या गळ्याकडे, पाहिलं. मी म्हटलं, "दे बाप्पा, कापून दे हातभर."

पाइप मापाला अगदी नेमका बसला. भाऊजींनी दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या, मी चावी फिरवली, बाई गुरगुरली. त्यांनी खूण केली, मी पाय दाबला, आणि पाइप वाळल्या मिरचीसारखा चपटा झाला. इंजिन बंद. तो पाइप निघाला पंपातून पाणी बाहेर सोडायचा, ज्याची गुंडाळी करून ठेवतात तो. आतून ढकललं की फुगणारा. हवा आत ओढली की त्यात उभं राहायला काही नव्हतंच.

भाऊजी ओट्यावर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. जेवा म्हटलं तर मान हलवली. प्रफुल्ल खिडकीतून पाहत होता, पण हसला नाही, एवढं त्याचं मला आवडलं. मी आपली सहज बोलले, "ब्लाउजची बाही दोरीवर चपटीच दिसते. आत हात गेला म्हंजे गोल."

भाऊजींनी मान वर केली. माझ्या हाताकडे पाहत राहिले. लग्नासाठी म्हणून मी एक ग्रॅम सोन्याच्या बांगड्या घेतल्या होत्या, बारीक, डझनभर, आणि त्या दिवशी हौसेनं घालून फिरत होते.

"वहिनी, हात द्या."

"काहून?"

"दोन-सहा ना? दोन-आठच्या आत बरोब्बर बसंन."

"पेटीतल्या घ्या ना."

"त्या काचेच्या. फुटल्या तर काच बाईच्या पोटात जाईन."

"आन् ह्या गेल्या म्हंजे?"

"इंजिनाचं आतलं तोंड दोन-चारचं हाये. तुमची बांगडी कशी जाईन त्यातून?"

साबण लावून माझ्या बांगड्या उतरल्या आणि एकेक करून त्या पाइपात गेल्या. पाय दाबला. पाइप गोलच्या गोल राहिला. आणि बॉनेटखालून आवाज आला, छुन छुन छुन, जशी नवी सून स्वयंपाकघरात पोळ्या लाटते आहे.

सकाळी निघालो. आमच्या ह्यांना मोटारीत मळमळतं, ते रेल्वेनं गेले. पुढे आम्ही दोघं, मागे प्रफुल्लची थंडगार गाडी. भाऊजी रेडिओ लावू देईनात. "बांगड्या वाजून राह्यल्या म्हंजे हवा जाऊन राह्यली. तुमी फक्त आयका." मूर्तिजापूरला चहा प्यायला थांबलो तर यांनी इंजिन बंदच केलं नाही. टपरीवाला म्हणाला, "बाबूजी, अंदर कोन हाये?" भाऊजी म्हणाले, "आमची वहिनी." मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

बोरगाव मंजूच्या अलीकडे आवाज थांबला. एकदम. मी मागे वळून पाहिलं. मागच्या काचेत प्रफुल्लची गाडी जवळ जवळ येत होती. भाऊजींनी पायही हलवला नाही, फक्त म्हणाले, "चला ना, लेकीचं लग्न हाये." खड्डा आला, गाडी उडाली, आणि छुन छुन पुन्हा सुरू. त्या आवाजावरच आम्ही अकोल्यात शिरलो.

मांडवात माझ्या बहिणीनं पहिलं काय पाहिलं तर माझे हात. "अवो, नव्या बांगड्या कुठी हायेत?"

"गाडीत."

"मंग चावी द्या, आणते."

"निघत नाईत त्या."

येताना प्रफुल्लनं स्वतःची गाडी पाहुण्यांना दिली आणि मागच्या सीटवर येऊन बसला. लक्ष ठेवायला, म्हणाला. बडनेरा येईपर्यंत खिडकीला डोकं टेकून ऐकत होता. बडनेऱ्याला त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि भंगारवाल्याचा नंबर पुसला. भाऊजींनी ते आरशात पाहिलं. आणि एकदा उगाच बाईला जोरात पळवून दाखवलं.

त्या दिवाळीनंतर भाऊजी गेले. झोपेतच, कोणाला काही त्रास न देता. मला मात्र सकाळी अंगणातली ती अदबीची हाक ऐकायची सवय झाली होती. अजून कान तिकडे जातात.

प्रफुल्ल बाईला पुण्याला घेऊन गेला. तिथल्या कारागिरानं कुठूनशी अस्सल नळी मिळवून बसवली. परवा त्याचा फोन आला. तो मला मोठ्याई म्हणतो.

"मोठ्याई, गाडी एकदम मस्त पळते. खोकला नाही, काही नाही." मग म्हणाला, "पण काही बोलतच नाही. तुमच्या बांगड्या मेकॅनिकनं पिशवीत घालून दिल्यात. कुरिअर करू?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. आता तो वाळून दोन-चारचा झालाय.

"मले कायले पाठवतं," मी म्हटलं. "जुना पाइप हाये ना? त्यातच बसव. आन् ऐक, उठवतानी नीट बोलत जाय तिच्याशी."

"कसं?"

मग मी त्याला सांगितलं.