तोळेमामांचं विमान

तोळेमामा हातात आलेली कुठलीही वस्तू आधी तोलायचे. चहाचा ग्लास, कुणाचा चष्मा, सगळं त्यांच्या तळहातावर क्षणभर थांबायचं. माझ्या लग्नाची पत्रिका तर त्यांनी उघडलीच नाही. वरखाली केली आणि म्हणाले, "लई जड छापली भाच्या. एवढ्या वजनात माझी आख्खी शेपटी बसती." शेपटी म्हणजे विमानाची, हे शेजारी उभ्या असलेल्या माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना माहीत नव्हतं.

मुकुंदवाडीत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दुष्काळाची ती वर्षं. बोअर आटायचे, मोटारी कोरड्या चालून जळायच्या आणि पार करमाडपासून लोक त्या घेऊन मामांकडे यायचे. धंदा कधी नव्हे इतका चालला होता, पण जळकी तार उलगडताना मामा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसत. "मोटार मी भरून देतो," एकदा म्हणाले, "पाणी कुठून भरू?"

संध्याकाळी शटर अर्धं ओढून ते विमानाला बसायचे. रिमोटवर उडणारं, बॅटरीवर चालणारं, आणि भयंकर वेगवान असं विमान त्यांना करायचं होतं, तेही जवळजवळ फुकटात. शहर वाढत होतं. नव्या फ्लॅटांत नवे फ्रिज यायचे, त्यांचा थर्माकोल बाहेर फेकला जायचा, त्यातून मामांचे पंख निघायचे. सेल बंद पडलेल्या ड्रिल मशीनचे. मोटार मोडक्या ड्रोनची. तिची तार काढून मामांनी ती स्वतःच्या हातानं पुन्हा भरली. "वेढे कमी, तार जाड. मग बघ कशी पळती." जुना रिमोट माझा, म्हणून उडवायचं काम माझ्याकडे.

घाई होती डोळ्यांची. काचबिंदूनं एक डोळा गेला होता. दुसऱ्यातून नळीतून बघावं तसं दिसायचं, आणि ती नळीही अरुंद होत चालली होती. "एकदा ह्याला उडताना बघायचंय," मामा म्हणायचे. "मग काय व्हायचं ते होऊ दे."

इथं मी डोकं चालवलं. मामांना नीट दिसावं म्हणून, ते नसताना, तयार विमानावर भडक नारिंगी स्प्रे मारला. त्या रंगानं थर्माकोल विरघळतो, हे पदवीला रसायनशास्त्र घेतलेल्या या गृहस्थाला ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत पंख आत बसत गेले. तीन महिन्यांचं काम. मामा आले, खड्ड्यांवरून बोटं फिरवली, विमान तळहातावर तोललं. मग म्हणाले, "चला, वजन तर कमी झालं."

दुसरं विमान व्हायला उन्हाळा उजाडला. रंगाऐवजी नारिंगी चिकटपट्टी या वेळी मामांनीच लावली. आमचं नेहमीचं मैदान तोवर प्लॉटिंगमध्ये गेलं होतं, म्हणून करमाडजवळच्या आटलेल्या तलावात उतरलो. तळ भेगाळलेला, पण सपाट. मामांनी विमान हातानं फेकलं, मी पूर्ण पॉवर दिली. काय पळालं! समोरून नेलं, तर मामांनी मान वळवेपर्यंत ते पार. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. त्यांच्या नजरेत ते सापडतच नव्हतं.

"दिसलं का मामा?"

"आवाज झकास हाय." मग म्हणाले, "सावकाश आण."

"सावकाश आणलं तर पडेल हो. एवढ्याशा पंखांवर तरंगणार नाही ते."

"मला शिकवतो व्हय? पडू दे."

मी त्यांच्या पाठीशी उभा राहिलो. विमान लांबून सरळ त्यांच्या समोर आणलं, पॉवर कमी करत नाक वर उचललं. दहा-बारा पावलांवर ते हवेत क्षणभर टांगल्यासारखं राहिलं. मामांची मान हलली नाही. मग एक पंख खाली गेला आणि विमान भेगांत आदळलं.

"दिसलं," मामा म्हणाले. "नाक डावीकडं वाकलंय. तू चिकटवलं व्हतं ना, गाढवा?"

मी हो म्हणालो. आपली चूक पकडली गेल्याचं इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन महिन्यांत उरलेला उजेडही गेला आणि मामा लासूर स्टेशनला लेकीकडे राहायला गेले. लेक सांगते, घरी कुणीही आलं की ते त्या विमानाचं वर्णन करतात. नारिंगी पट्टे, ताठ पंख, वाकडं नाक. आणि नाक कुणी चिकटवलं होतं तेही सांगतात, माझ्या पूर्ण नावानिशी.