एक खोली, तीन भाडेकरू

ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी सोलापुरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. हजेरी नुकतीच संपली होती, तेवढ्यात सामानाने भरलेले तीन टेम्पो आवारात शिरले. तीन कुटुंबं, आणि तिघांकडे एकाच खोलीचा भाडेकरार. एजंटने तिघांकडून डिपॉझिट घेतलं होतं आणि फोन बंद करून तो पसार झाला होता.

खोलीची मालकीण पन्नाशीची विधवा होती. टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणारी, घरी तेलुगू बोलणारी. तिन्ही करारांवर तिच्या नावाची सही होती. मी तिला बोलावून घेतलं. चौकशीत कळलं, की बाई स्वतः पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहते. माझा संशय पक्का झाला.

"स्वतःचं घर असताना भाड्याने का राहता?" मी आवाज चढवला.

"कर्जाचा हप्ता आहे, साहेब. मी राहते त्या पत्र्याच्या खोलीचं भाडं कमी. तिकडचं भाडं आलं तर हप्ता भरता येतो. हप्ते फिटले की मी तिथं राहायला जाणार."

"मग तिघांना करार कसे दिलेत?"

ती गप्प झाली. मी पुन्हा विचारलं, टेबलावर हात आपटला, तरी गप्पच. माझ्या अनुभवात गुन्हा केलेली माणसं अशीच गप्प बसत. तिला आरोपी करायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

आमच्या ठाण्यातल्या एक महिला हवालदार तेलुगू विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या. त्या शेजारी बसून बाईशी हळूहळू तेलुगूत बोलू लागल्या. बाई रडली, मग घडाघडा बोलली. एजंटला तिने फक्त खोली दाखवायला किल्ली आणि आधार कार्डाची झेरॉक्स दिली होती. भाडेकरू मिळाल्याचं तिला ठाऊकच नव्हतं.

जबाबाखाली तिने सही केली, ती तेलुगू लिपीत. करारांवरच्या सह्या मराठीत होत्या. मी खोलीचं खरेदीखत मागवलं. त्यावरही तेलुगूच सही. करार बनावट होते.

आता एजंट हवा होता. आवारात थांबलेल्या टेम्पोवाल्यांपैकी एक जण पुढे आला. "सायेब, त्यो मंगळवेढ्याला सासुरवाडीत हाय. परवा त्याचंच कपाट तितं सोडून आलो की मी."

दुपारपर्यंत आमच्या पथकाने त्याला आणलं. करार समोर ठेवताच तो म्हणाला, "एकटी बाई, साहेब. तिला कोण विचारतंय, असं वाटलं." फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला.

दोन कुटुंबं नातेवाइकांकडे गेली. तिसरं जोडपं वैराग गावाकडचं, शहरात कामाला आलेलं. जुनी खोली सोडलेली, नवीन डिपॉझिट आणायचं कुठून? बायकोला सातवा महिना होता. ती भांड्यांच्या पोत्यावर बसून होती.

मालकीण तिच्याजवळ गेली. "माझी खोली रिकामीच आहे. चला. भाडं पुढच्या महिन्यापासून द्या. डिपॉझिट नको."

"व्हय?" एवढंच त्या मुलीला बोलता आलं.

मी उठून बाईची माफी मागितली. नोकरीत अशी वेळ माझ्यावर क्वचितच आली.

निवृत्तीनंतर मीही भाड्याने देण्यासाठी छोटा फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तेव्हा सल्ल्याला याच बाईंना बोलावलं. त्यांनी नळ उघडून पाहिला, पाणी किती दिवसांनी येतं ते शेजारणीला विचारलं आणि मला बजावलं, "भाडेकरूला घर तुम्ही स्वतः दाखवा. त्याचं म्हणणं ऐका. अन् भाडं असं सांगा, की त्याला राहणं जमलं पाहिजे." मी तसंच केलं. माझे भाडेकरू आजही टिकून आहेत.

गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच असेल असं नाही. कधी आपण विचारतो ती भाषा त्याला घाबरल्यावर सुचत नाही. हे मला हवालदार बाईंनी आणि त्या मालकिणीने शिकवलं. एका निरपराध बाईला कोठडीत टाकण्याचं पाप माझ्या हातून घडलं नाही, म्हणून मी त्या दोघींचा कायमचा ऋणी आहे.