दुखण्याच्या शब्दांची फाइल

रविवारी दुपारी मामा पेनड्राइव्ह हातात धरून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "वैशाली, फाइल उघडंना झालीय," एवढंच म्हणाले. चेहरा पार उतरलेला.

मामा म्हणजे माझे सासरे. इथं उमरग्यातल्या एका दवाखान्यात त्यांनी अडतीस वर्षं कंपाउंडरकी केली. आमच्याकडं मराठी, दख्खनी, कानडी बोलणारे पेशंट एकाच बाकावर बसतात... आणि दुखणं प्रत्येकजण आपापल्या भाषेत सांगतो.

दवाखान्यात आता नवीन डॉक्टर मॅडम आल्यात, नागपूरकडच्या. पेशंट "पाठीत सणक मारतीय" म्हणाला की त्या मामांना फोन करून अर्थ विचारायच्या. मग मामांनीच ठरवलं, लोक दुखण्याला काय काय म्हणतात ते सगळं लिहून मॅडमना द्यायचं.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. घरच्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस हे लिहायचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून मामांना टायपिंग शिकवलं. दोन वर्षं एका बोटानं टाइप करत त्यांनी सहाशेच्या वर शब्द जमवले. ठणका, तिडीक, भगभग, हुडहुडी... कानडीतलं होट्टे नोवु, म्हणजे पोटदुखी.

लॅपटॉप मी कॉलेजात नेते, म्हणून त्यांचं सगळं काम पेनड्राइव्हवर. त्या दिवशी सेव्ह होत असतानाच त्यांनी तो ओढून काढला होता. दुसरी प्रत होती, पण दिवाळीतली... जेमतेम दीडशे शब्दांची.

लिब्रेऑफिसनं विचारलं, फाइल खराब आहे, दुरुस्त करू का? मी होय म्हटलं. तरी उघडली नाही. मामा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला ते बघवेना.

मग आठवलं... वर्गात मी दरवर्षी शिकवते आणि स्वतः कधी वापरलेलं नाही. लिब्रेऑफिसची ही ओडीटी फाइल म्हणजे खरं तर एक गाठोडं असतं. ते कसं बांधायचं याचे नियम सगळ्यांसाठी खुले आहेत, कुणा एका कंपनीच्या ताब्यात नाहीत. त्यामुळं ते बांधलेल्या सॉफ्टवेअरशिवायही सोडता येतं.

आधी फाइलची कॉपी केली. तिच्या नावातलं शेवटचं odt काढून zip लिहिलं आणि झिप उघडणारं साधं सॉफ्टवेअर लावलं. त्यानं शेवट तुटलाय म्हणून तक्रार केली, पण आतल्या बऱ्याच फाइली बाहेर काढून दिल्या. त्यातली content नावाची एक मी नोटपॅडमध्ये उघडली.

इंग्रजी खुणांची नुसती गर्दी. आणि मधेमधे, आपल्या देवनागरीत... "कानात चिलट बसल्यासारखं". "पायात मुंग्या". "जीव खालीवर होतोय".

"मामा, आत या जरा."

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवत राहिले. "समदं हाय की गं," म्हणाले, आणि तिथंच खुर्चीवर बसले.

त्या इंग्रजी खुणा मला एका झटक्यात काढता आल्या असत्या. पण मामा शब्द वाचता वाचता बोलायला लागले... हे एका कासारणीचं, हे ट्रकवाल्या चाचांचं, ही बाई तीन बसा बदलून यायची. मग मीही एकेक ओळ साफ करत बसले. संध्याकाळचा चहा तिथंच झाला.

"मामा, शब्द कुणी सांगितला ते पण लिहू या का?" मी विचारलं.

"न्हाय. दवाखान्यातलं दवाखान्यातच ऱ्हाऊ दे. आपल्याला शब्द बास."

तुटलेल्या टोकातली शेवटची पाच-सहा पानं गेली ती गेलीच. ती मामांनी आठवून पुन्हा लिहिली आणि बुधवारी फाइल मॅडमना पाठवली. त्यांच्या कॉम्प्युटरवर वेगळंच सॉफ्टवेअर आहे, तरी पहिल्या झटक्यात उघडली.

काल मॅडमचा फोन आला. एका आजींना त्यांनी विचारलं, ठणका हाय का सणक? आजींनी सोबत आलेल्या सुनेला हातानंच गप्प केलं, खुर्ची पुढं ओढली आणि सगळं स्वतः सांगितलं म्हणे.

फोन स्पीकरवर होता. मामा ऐकता ऐकता चष्म्याची काच पुसत बसले.

या फाइलीचे नियम ज्यांनी कुणी लिहिले आणि जगासाठी मोकळे ठेवले, त्यांना मराठी येत असेल की नाही कोण जाणे. त्यांच्यामुळं आमच्या भागातल्या माणसांचे शब्द वाचले, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं.