अकरा फॉर्म आणि कामशेतची खिंड

मॅडम गाडीतून उतरल्या त्या थेट साहेबांच्या केबिनकडे, जवळजवळ पळतच. हातात आम्ही सोमवारी भरलेले फॉर्म होते. पाच मिनिटांत साहेब बाहेर आले. म्हणाले, "सगळे ड्रायव्हर इकडे या. आणि कुणीही गाडी काढायची नाही."

मी कान्हे फाट्याजवळच्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवतो. म्हणजे कामगारांना घराजवळून उचलायचं आणि शिफ्टच्या वेळेला गेटवर सोडायचं. माझा रूट लोणावळा ते कान्हे, जुन्या हायवेने. गाव वाशीमकडे. सातवीत शाळा सुटली, पण स्टिअरिंग हातात आलं आणि इतक्या लांब का होईना, पोटाला लागलो. या नोकरीचे माझ्यावर उपकार आहेत, म्हणून तिच्याबाबत मी जरा भित्राही आहे. साहेब नुसतं "इकडे ये" म्हणाले तरी मला आधी गावाकडे जाणारी एसटी दिसते.

फॉर्म ड्रायव्हरांच्या मनाच्या तब्येतीचा होता. मॅडम पुण्याच्या, समुपदेशक. म्हणजे गोळ्या न देता बोलून मोकळं करणाऱ्या. फॉर्मवर वाक्यं होती आणि वर लिहिलं होतं, लागू असेल तिथे टिक करा.

"तुम्ही अकरा जण," मॅडम म्हणाल्या, "आणि अकराही जणांनी प्रत्येक वाक्यापुढे टिक केलीय. इतका त्रास होतोय तर बोलला का नाहीत?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी वडिवळ्याचे सोपानआबा पुढे झाले. आमच्यात सगळ्यांत जुने ड्रायव्हर.

"कसला तरास, मॅडम?"

"तुम्हाला कारण नसताना रडू येतं ना?"

"मला? माझी म्हस मेली तवा बी न्हाई रडलो."

"मग टिक का केलीत?"

आबांनी भिंतीवरच्या पॅडकडे बोट दाखवलं. तिथे आमची रोजची चेकलिस्ट असते. टायर, ब्रेक, हवा, लाईट. गाडी काढायच्या आधी एकेक तपासायचं आणि टिक मारायची. जिथे टिक नाही ती गाडी उभी राहते. त्यामुळे छापील कागद हातात आला की आमचा हात वरून खाली आपोआप टिका मारत सुटतो.

"आमाला वाटलं, टिक न्हाई मारली तर ड्युटी मिळायची न्हाई," आबा म्हणाले.

"आणि हे? घर सोडून निघून जावंसं वाटतं?"

"त्ये मातर खरंय. म्हून तर ड्रायव्हर झालो."

मॅडमनाही हसू आवरेना. साहेबांचा जीव भांड्यात पडला. नवे फॉर्म आले. "या वेळी वाचून भरा," साहेब म्हणाले.

मी हसलो नाही, कारण मी पहिला फॉर्मही वाचूनच भरला होता. वेळ लागतो, पण वाचतो. 'गाडी चालवताना भीती वाटते' यापुढची माझी टिक खरी होती. शेजारच्याच्या कागदावर सगळीकडे टिका दिसल्या, म्हणून धीर झाला. बाकीच्या टिका तिला लपवायला मारल्या होत्या.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी कामशेतच्या खिंडीत एक दूधवाला बाईकसकट माझ्यापुढे घसरला. बस हातभर अंतरावर थांबली. तो उठला, आधी किटल्या बघितल्या, मग मला चार शिव्या दिल्या आणि गेला. त्याला काही झालं नाही. मला झालं. त्या दिवसापासून खिंड आली की तळवे ओले व्हायचे आणि पाय आपसूक ब्रेकवर. बस वीसच्या पुढे जाईना. कामगारांचं पंचिंग लेट व्हायला लागलं, बसला 'बैलगाडी' नाव पडलं. मी सांगायचो, इंजिन ओढत नाही. बिचाऱ्या मेकॅनिकने दोनदा इंजिन खोललं.

आता नवा फॉर्म. टिक मारली तर नोकरीचं काय? नाही मारली तर उद्या पाठीमागे चाळीस माणसं आहेतच. पेन तिथेच थांबलं.

"काय रं, कुटं अडकलास?" आबा.

मी त्या वाक्यावर बोट ठेवलं. आबांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं.

"म्हंजी इंजिन चांगलं हाय म्हनायचं."

एवढंच बोलले, आणि मॅडमना बोलावून आणलं. केबिनमध्ये समोरासमोर बसून मला शब्द फुटेना. तेव्हा मॅडमच म्हणाल्या, चला, तुमच्या बसमध्ये बसू. मी माझ्या सीटवर, त्या शेजारच्या. बस उभीच होती, पण समोर काच आली आणि तिच्याकडे बघत मी सगळं बोललो.

उतरल्यावर साहेबांनाही खरं सांगितलं आणि विचारलं, "साहेब, बॅग भरू का?"

"कशाला? ब्रेक खराब आहे असं लिहून देणाऱ्याला मी कधी काढलंय?"

मग आठवडाभर खिंडीतून बस आबांनी नेली, मी शेजारी. दुपारी रिकामी बस घेऊन आम्ही दोघं खिंडीतून ये-जा करायचो. मॅडमनी श्वास सावकाश सोडायला शिकवलं होतं, तो मोजत. पुढे कामगारांना घेऊन मी चालवायला लागलो, आबा शेजारी. एके सकाळी इंद्रायणीचा भात चांगला की आमच्याकडची ज्वारीची भाकरी, यावर आबांशी जोरात वाद चालला होता. मी आरशात बघितलं तर खिंड मागे गेलेली.

आता आमच्या चेकलिस्टवर लाईटच्या खाली एक ओळ वाढली आहे, 'ड्रायव्हर'. तिथे टिक मारायच्या आधी मी स्वतःला तपासतो, टायरला हात लावून बघतो तसा.

भात-भाकरीच्या वादाच्या त्या सकाळी बस गेटवर दहा मिनिटं आधी पोचली. मला वाटलं, कुणीतरी शाबास म्हणेल. मागच्या सीटवरचा एक जण डोळे चोळत उतरला आणि म्हणाला, "काय ड्रायव्हर, बैलगाडीच बरी होती. दहा मिनिटांची झोप खाल्लीस."

बस बिनघोर चालवता येते. चाळीस माणसं एकदम खूश करायची सोय मात्र कुठल्याच फॉर्मवर नाही.