पंगतीतला पिझ्झा

खालापूरजवळच्या एका रिसॉर्टवर नागू दहा वर्षं लाकडाच्या भट्टीवर पिझ्झे भाजतो. नेपल्सच्या पद्धतीचे: गोल, मऊ, दीड मिनिटात तयार. पिझ्झा गार झाला की मेला, असं त्याचं ठाम मत. आणि घरी लेकीसाठी तो आणायचा तो दहा वर्षं नेमका गारच! भाविका तो तव्यावर टाकून मिटक्या मारत खायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा मात्र तिनं हट्ट धरला.

"बाबा, माज्या हळदीला पंगतीत तुमचा पिझ्झा पायजे. गरम!"

नागूनं हो म्हटलं आणि मग डोक्याला हात लावला. त्याच्या भिसेगावात पंगत बसते चाळीस जणांची. शेवटच्या पानावर वाढल्याशिवाय पहिला माणूस घास उचलत नाही. एकेक पिझ्झा भाजेपर्यंत पहिला गारढोण होणार, आणि लेकीची हौस तशीच राहणार. या विचारानं त्याला जेवण गोड लागेना.

"अवो, भात काय येकेकाचा येगळा शिजवतो का आपण?" त्याची बायको वनिता म्हणाली. "येकदम करा नि वाडा."

नागूला आठवलं, रिसॉर्टच्या शेफनं सांगितलं होतं, रोममध्ये मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये जाड पिझ्झा भाजून तुकडे कापून विकतात. तेव्हा त्यानं नाक मुरडलं होतं. आता तो निमूट दहिवलीच्या साईनाथच्या बेकरीत गेला आणि पावाचे ट्रे आणि भट्टी मागून घेतली. पहिला ट्रे करपला, दुसरा मध्ये कच्चा राहिला. तिसरा जमला.

हळदीच्या दुपारी टेंपोतून आठ ट्रे आले, गोधड्यांत गुंडाळलेले. नागूनं कात्रीनं तुकडे केले, चार वाढप्यांनी पंगतीत धाव घेतली, आणि बघता बघता चाळीस पानं भरली.

"यो धपाटा कसला रं?" म्हाताऱ्या इंदूबाईनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दुसरा मागितला.

पिवळीधमक भाविका पहिल्याच घासाला ओरडली, "बाबा, चटका बसला!"

इतका आनंद नागूला आयुष्यात झाला नव्हता. त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा वाढायला धावला.

वाढणारे शेवटी जेवतात. नागूच्या पानात पडला तो तुकडा थंड, चिवट. तो चावत राहिला.

"भावे, दहा वर्सं ह्ये खात व्हतीस तू?"

"द्या इकडं," भाविकानं त्याच्या पानातला तुकडा उचलला. "आई, तवा ठेव गं!"