नकाशावरची सुपारी

आधीच सांगतो, असले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि शेवटी "उंदीर असणार" म्हणून पान उलटतो. आमच्या घरात माझ्या गोष्टींवर कुणी विश्वास ठेवत नाही आणि मी कुणाच्या भुतांवर ठेवत नाही — हा समतोल बावन्न वर्षं टिकला होता. गेल्या फेब्रुवारीत मोडला.

स्थळ दिवेआगर. नारळी-पोफळीची वाडी, पुढे पडवी. ही पडवी वादळानंतर आम्ही काचा लावून बंद करून घेतली आहे, हे लक्षात ठेवा. घरात माणसं तीन — मी, माझी बायको माधुरी आणि माझा मोठा दादा. दादाने बत्तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. वहिनी गेल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ती गेली आणि दादा पडवीतल्या खुर्चीत बसला तो बसलाच. जेवायला हाक मारली की यायचा, "हं" म्हणायचा, परत खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. आम्हाला मात्र दिसत होतं, माणूस हळूहळू विझतोय...

म्हणून मी घाट घातला — मोटरसायकलवरून स्पिती! खरं तर नुसतं बोर्लीला जाऊन आलो तरी माझी पाठ दोन दिवस बोलते. पण ज्या नद्या दादाने जन्मभर छडीच्या टोकाने दाखवल्या, त्या त्याला मागे बसवून दाखवायच्या, असं मनाने घेतलं.

दादाला विचारलं. "तू जा," म्हणाला.

मी हट्टाने त्याच्यासमोरच प्लॅनिंग मांडलं. शाळेने काढून टाकलेला आणि दादाने जपून घरी आणलेला हिमालयाचा कापडी नकाशा पडवीतल्या टेबलावर पसरला. मुक्कामाची गावं पेन्सिलीने लिहिली आणि प्रत्येक गावावर एकेक सोललेली सुपारी ठेवली. आमच्याकडे टाचण्या शोधून सापडत नाहीत, सुपाऱ्या पायाखाली येतात. शिमला, सराहन, नाको, काझा...

दुसऱ्या दिवशी सकाळी काझ्याची सुपारी जागेवर नव्हती. दोन बोटं खाली सरकून, नाकोच्याही अलीकडे, काहीही नाव नसलेल्या जागी बसली होती.

"पंखा," मी म्हणालो.

"पंख्याने एकच उडाली होय? बाकीच्या काय चिकटवल्यात?" माधुरी म्हणाली.

मी ती परत काझ्यावर ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मग ती पुन्हा काझ्यावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला, पंखा बंद, काचा बंद. चौथ्या दिवशी गोल काझ्यावर आणि सुपारी खाली! आता संशय एकाच माणसावर.

"दादा, तू हलवतोस का रे?"

नर्मदा पूर्वेला वाहवणाऱ्या पोराकडे तो जसा बघायचा, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. "मला काय दुसरे उद्योग नाहीत?" वास्तविक नव्हतेच.

त्याच दिवशी आम्ही तिघंही माणगावला गेलो. दादाचा नवा चष्मा आणायचा होता, मला हेल्मेट. निघताना दोघांच्या देखत मी सुपारी काझ्यावर ठेवली, कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. दुपारी तीनला परतलो. कुलूप जसंच्या तसं. काचा बंद. आणि सुपारी... खाली. त्याच जागी.

माझ्या पाठीतून जे सरकलं ते यावेळी दुखणं नव्हतं.

माधुरी आत गेली. हळदकुंकू, अक्षता घेऊन आली, सुपारीला वाहिल्या आणि हात जोडले.

"अगं, हे काय?"

"पूजेत गणपती म्हणून सुपारीच मांडतो ना आपण? ही तर आपणहून येऊन बसलीय. आता हात लावायचा नाही."

"मग काझा?"

"काझ्याचं तुम्ही बघा!"

अशा रीतीने माझ्या रूटमध्ये देव बसला. उत्तरपूजा केल्याशिवाय तो उचलता येईना आणि माधुरी उत्तरपूजा करू देईना. मोबाइलवर ती जागा शोधली — एक पूल, दगड आणि आणखी दगड. मुक्कामाला काही नाही. मी कुरकुरत असतानाच मागून आवाज आला.

"देव हलत नसेल तर रस्ता हलव."

दादा खुर्चीतून उठून आला होता! नवा चष्मा चढवून नकाशावर वाकला. "ही सतलज. ही वरून आलेली स्पिती. इथे भेटतात." बोट सुपारीच्या अगदी जवळ जाऊन थांबलं.

"लग्न झाल्यावर हिने शाळा बघायचा हट्ट धरला होता," तो म्हणाला. "रविवारी नेली. भिंतीवर हाच नकाशा. तिने इथेच बोट ठेवलं. म्हणाली, इथे काय आहे हो? मी म्हटलं, नाव छापलेलं नाही, म्हणजे काही नसेल."

"मग?"

"मग काय! म्हणाली, न बघताच सांगताय, मास्तर."

आणि दादा हसला. दीड वर्षाने. माधुरीने पदर डोळ्यांना लावला. मला पदर नसल्यामुळे मी नकाशाकडेच बघत राहिलो.

ही गोष्ट त्याने आम्हाला त्याआधी कधीच सांगितली नव्हती.

त्या दिवसापासून प्लॅनिंग माझ्या हातात राहिलेलं नाही. "एका दिवसात एवढं चढायचं? श्वास कोण घेणार, तुझा मोबाइल?" म्हणत दादाने माझे सगळे मुक्काम खोडले आणि नव्याने मांडले. दम वाढावा म्हणून संध्याकाळी किनाऱ्यावर चालायला जातो. गेल्या रविवारी सरावासाठी म्हसळ्यापर्यंत जाऊन आलो, तर घाटभर माझ्या पाठीवर थापा — "गिअर बदल, अरे गिअर!" येत्या सप्टेंबरात निघतोय.

सुपारी कोणी हलवली, मला माहीत नाही. वहिनीचं नाव मी घेणार नाही, माधुरी मनात घेते ते मला कळतं. वाचकांपैकी कुणाकडे शास्त्रीय खुलासा असेल तर जरूर लिहा — पण आम्ही परत आल्यावर. सध्या दादा रोज सकाळी माझ्याआधी उठतो, माझा चहा होईपर्यंत नकाशापाशी उभा राहतो आणि विचारतो, "तिथे काय असेल रे?"

एवढ्यात त्याला कुणी उत्तर देऊ नका.